पुटकुळी कशाची?

मोबाइलला टॉर्च आणि कॅमेरा आल्यापासून त्वचा व गुप्तरोगाच्या दवाखान्यात येणाऱ्या तरुणाच्या हातात कागद कमी आणि फोटो जास्त असतात. तो आत येतो, दार नीट लागलंय ना हे पाहतो आणि खुर्चीच्या टोकावर बसतो. सुरुवात "केस गळतायत" किंवा "पाठीवर घामोळं आलंय" अशी कशाने तरी होते. केसांचं बोलून झालं, चिठ्ठी लिहायला घेतली, की मग "डॉक्टर, आणखी एक होतं" म्हणत तो फोन पुढे करतो. फोटो रात्री बाथरूममध्ये काढलेले आणि इतक्या जवळून की नेमका कुठला भाग आहे हेच उमगू नये.

"कधीपासून आहे हे?"

"महिना झाला."

"त्याआधी नव्हतं?"

इथे तो थांबतो. "आधी कधी एवढं नीट बघितलं नव्हतं."

अर्धं निदान या उत्तरातच झालेलं असतं. महिन्यापूर्वी काय घडलं हे थोडं थांबलं की तो आपणहून सांगतो: मित्रांबरोबरची सहल, लॉज, ओळख नसलेली व्यक्ती, कंडोम होता पण शेवटपर्यंत होता की नाही हे आठवत नाही. कधी तेवढंही नसतं, नुसतं चुंबन असतं. त्यानंतरच्या आठवड्यात मन खायला लागलं, आणि जन्मात कधी भिंगाखाली न घातलेला अवयव त्याने भिंगाखाली घातला. जे दिसलं ते बहुधा सतराव्या-अठराव्या वर्षापासून तिथेच होतं.

त्या भागातली कातडी मुळात गुळगुळीत नसतेच. ती पातळ असते, खाली चरबीचा थर जवळजवळ नसतो, त्यामुळे इतर ठिकाणी झाकून राहणाऱ्या तैलग्रंथी, केसांची मुळं आणि रक्तवाहिन्या इथे उघड दिसतात. ताण पडला की आणखी ठळक होतात. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत यातलं काही नव्हतं, आणि तो धडा तर "घरी वाचून घ्या" म्हणून सोडूनच दिलेला असतो. तुलनेला दुसरं काही पाहिलेलं नसलं की पहिल्यांदा निरखणाऱ्याला प्रत्येक उंचवटा नवा वाटतो.

सर्वांत जास्त झोप कोण उडवत असेल तर शिश्नमण्याच्या कडेवरचे बारीक दाणे. मणी जिथे संपतो आणि मागची खोबण सुरू होते, त्या कडेला एका किंवा दोन ओळींत ते बसलेले असतात. प्रत्येक दाणा एक ते दोन मिलिमीटरचा, कातडीच्याच रंगाचा किंवा किंचित गुलाबी, टोकाला गोल. वरच्या बाजूला ओळ भरगच्च असते, खाली शिरेकडे येता येता विरळ होते. डर्मोस्कोप म्हणजे दिवा बसवलेलं भिंग टेकवलं की प्रत्येक दाण्याच्या पोटात एक वाकडी, बारीक रक्तवाहिनी दिसते. दाणे एकमेकांना खेटून असले तरी मिसळलेले नसतात. दोन दाण्यांमधली फट भिंगाखाली स्वच्छ कळते. यांना 'पर्ली पेनाइल पॅप्यूल्स' म्हणतात. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये ते १४ ते ४८ टक्के पुरुषांत आढळले आहेत. म्हणजे पुरुषांनी भरलेल्या एसटीत मोजायला गेलं तर दहा-वीस जण सहज निघतील. वयात आल्यावर ते उगवतात, वय वाढेल तसे पुसट होतात, सुंता झालेल्यांत कमी दिसतात. ते कुठल्या विषाणूने होत नाहीत, कोणाकडून येत नाहीत आणि कोणाला जात नाहीत. अस्वच्छतेनेही होत नाहीत, त्यामुळे जंतुनाशक पाण्याने रोज घासून काढण्याने फक्त कातडी सोलवटते. लेझरने ते काढता येतात आणि काढून देणारे भेटतातही. माझं मत विचाराल तर निरोगी कातडी जाळून घेण्यासाठी पैसे मोजू नयेत.

दुसरा नंबर फोरडाइस ठिपक्यांचा. जॉन ॲडिसन फोरडाइस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १८९६ साली त्यांचं वर्णन केलं. पिवळसर पांढरे, रव्याचे कण कातडीखाली पसरावेत तसे. शिश्नाच्या दांड्यावर, भगोष्ठांच्या आतल्या बाजूला आणि ओठांवरही. या नुसत्या तैलग्रंथी. एरवी तैलग्रंथी केसाच्या मुळाशी असते, इथे केस नसल्यामुळे ती एकटीच उघडी पडते. शंका आली की मी रुग्णाला आरशात वरच्या ओठाची कड बघायला सांगतो. बहुतेकांना तेच कण तिथेही सापडतात, आणि ओठाची कोणी कधी काळजी केलेली नसते. याच फोरडाइसच्या नावाने वृषणकोशावरचे काळपट लाल ठिपकेही ओळखले जातात. त्या फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. मध्यमवयात वाढतात, खाजवलं तर रक्त येतं आणि घरभर घबराट होते. पण तिथेच ते थांबतं. वृषणकोशात वाटाण्याएवढ्या टणक, पांढरट गाठीही अनेकांना असतात, दुखत नाहीत, वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. त्यासुद्धा संसर्गाच्या नव्हेत. मात्र कातडीतली गाठ वेगळी आणि आत अंडाला लागून असलेली टणक गाठ वेगळी. ती दुसरी असेल तर त्याच आठवड्यात सर्जनला दाखवायची.

बायकांच्या बाबतीत प्रकरण जास्त त्रासाचं होतं, कारण तिथे चूक करणारे पुष्कळदा आम्ही डॉक्टरच असतो. योनीमुखाच्या आतल्या कडेला काही स्त्रियांना मऊ, गुलाबी, बारीक अंकुर असतात. दोन्ही बाजूंना सारखे, एका रेषेत, आणि प्रत्येकाचा तळ वेगळा. 'व्हेस्टिब्युलर पॅपिलोमॅटोसिस' हे त्याचं भारदस्त नाव असलं तरी ती शरीराची ठेवण आहे, रोग नाही. खऱ्या चामखिळीत अनेक टोकं एकाच तळातून फुटतात, ती कठीण असतात आणि डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ नसतो. एवढा फरक न पाहता या अंकुरांना विषाणूची चामखीळ ठरवून जाळल्याची उदाहरणं जगभर आहेत. जाळलेली जागा भरायला लागलेले दिवस जातात, पण "हे आलं कुठून?" हा नवऱ्याचा किंवा सासूचा प्रश्न घरात राहतो. योनीमुखाच्या खालच्या भागात एकाच बाजूला बोराएवढी गाठ आली तर ती बहुधा बार्थोलिन ग्रंथीचं तोंड बंद झाल्याने आलेली असते. कॅस्पर बार्थोलिन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने सतराव्या शतकात त्या ग्रंथी दाखवून दिल्या. गाठ तापली, ठणकू लागली की स्त्रीरोगतज्ज्ञ चिरा देऊन पू काढतात. चाळिशीनंतर नव्याने गाठ आली तर मात्र तुकडा तपासून घेतात.

गेल्या काही वर्षांत वस्तरा आणि वॅक्स यांनी आमच्याकडची गर्दी वाढवली आहे. केस काढले की चौथ्या-पाचव्या दिवशी मुळाशी लाल पुळ्या येतात, काहींच्या टोकाला पू, काही केस उलटे वळून कातडीतच घुसतात. पुळीच्या मधोमध केस दिसला तर प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. वस्तरा काही दिवस बंद ठेवणं हाच मुख्य उपचार. पण वस्तऱ्याची दुसरी बाजूही आहे: खरोखर एखादी चामखीळ किंवा मोलस्कम या विषाणूच्या दुखण्याचा दाणा असेल तर वस्तरा त्याचं बी रेघेने पुढे पेरत जातो.

आता अशा दुखण्यांकडे येऊ जी रोग आहेत, पण ज्यांच्यामुळे कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवायचं कारण नाही. पहिली खरूज. शिश्नावर आणि वृषणकोशावर खाजऱ्या, लालसर गाठी आणि रात्री अंथरुणात शिरलं की खाजेने जीव नकोसा, ही खरजेची खूण. मी आधी हात पुढे करायला सांगतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, बेंबीभोवती पुरळ असेल तर पुढचं सांगायची गरज नसते. मग घरी कोणाकोणाला खाज आहे हे विचारलं की हॉस्टेलच्या खोलीतले सगळे किंवा घरातली धाकटी भाचीसुद्धा निघते. शरीरसंबंधातून खरूज पसरू शकते हे खरं, पण एका गोधडीत झोपल्यानेही पसरतेच. पर्मेथ्रिनचं ५ टक्के मलम मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. फक्त खाजतं तिथे लावणारा महिनाभराने परत येतो. खरजेचा किडा मेल्यावरही त्या भागातल्या गाठी काही आठवडे खाजत राहतात. तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजू नये.

दुसरा नायटा, म्हणजे गजकर्ण. जांघेत कड उचललेली, गोल पसरत जाणारी लाली. सध्या देशभर याचा कहर आहे आणि त्याला खतपाणी घातलंय ते मेडिकलच्या काउंटरवर मिळणाऱ्या मिश्र मलमांनी. त्यांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड अशी तिन्ही एकाच ट्यूबमध्ये. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. आतली बुरशी मात्र मोकाट वाढते, कडा बुजल्यामुळे नायटा नायट्यासारखा दिसेनासा होतो, आणि जांघेची कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या पांढऱ्या-गुलाबी भेगा उमटतात. २०१८ साली सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. काउंटरवर जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणून पाहा, बंदी किती पाळली जाते ते कळेल.

मधल्या कुंपणावर बसलेलं एक दुखणं म्हणजे मोलस्कम. देवीच्या विषाणूच्या कुळातला एक सौम्य विषाणू त्याच्या मुळाशी आहे. दाणा चकचकीत, दोन ते पाच मिलिमीटरचा, मधोमध खळी. लहान मुलांना तो अंगाला अंग लागून, टॉवेलातून होतो. मोठ्या माणसाला नेमका जांघेत आणि ओटीपोटावर झाला तर बहुतेक वेळा शरीरसंबंधातून आलेला असतो. वर्ष-दीड वर्षात तो आपोआप जातो, पण पसरत राहतो म्हणून आम्ही टोचून किंवा गोठवून काढतो. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो भरभरून आला असेल तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी लागते.

उरतात ते खरे लैंगिक संसर्ग. फोडांच्या रूपाने दिसणारे त्यात मुख्यतः तीन, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. हर्पीस सर्वांत घाईचा. संबंधानंतर दोन ते बारा दिवसांत आधी चुणचुण, मग लालीवर घोळक्याने पाण्याचे बारीक फोड, ते फुटून उथळ जखमा. लघवीचा थेंब लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. पहिल्या खेपेला ताप आणि जांघेत दुखरं अवधाण. दोन-तीन आठवड्यांत सगळं भरून येतं. पुढे पुन्हा पुन्हा उमटू शकतं, पण प्रत्येक खेप बहुधा आधीपेक्षा हलकी असते. ॲसायक्लोविरने खेप लवकर आटोक्यात येते, विषाणू मात्र मज्जातंतूच्या गाठीत मुक्काम करून राहतो. नागिणीलाही डॉक्टर हर्पीसच म्हणतात म्हणून घोटाळा होतो. तो विषाणू कांजिण्यांचा, हा वेगळा.

चामखिळी आळशी. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या ६ आणि ११ या दोन प्रकारांतून दहापैकी नऊ चामखिळी येतात. संसर्ग झाल्यापासून त्या दिसायला सहसा दोन-तीन महिने लागतात, कधी वर्षही. सुरुवात एका मऊ कणाने होते, मग तुरे फुटतात. हे विषाणू कॅन्सर करत नाहीत, ते काम १६ आणि १८ या भावंडांचं. ज्याला आदल्या शनिवारी संबंध आला आणि या बुधवारी "चामखीळ" सापडली, त्याला मी कॅलेंडर दाखवतो. चार दिवसांत काहीही होवो, चामखीळ होत नाही.

तिसरा सिफिलिस, आपल्याकडची 'गरमी', आणि याच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाश' ग्रंथात 'फिरंगरोग' म्हणून याचं वर्णन येतं. फिरंग्यांच्या संसर्गाने होणारा म्हणून हे नाव, आणि उपाय रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचं संयुग. पाऱ्याने दात पडायचे, तोंड यायचं, आणि रोग बरा झाला की पाऱ्याने थकला हे रोग्यालाही कळत नसे. आज फसगत वेगळ्या प्रकारे होते. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, पण ९ दिवसांपासून ९० दिवसांपर्यंत कधीही, एक जखम येते. बहुधा एकच, कडा टणक, तळ स्वच्छ, आणि अजिबात न दुखणारी. जांघेतलं अवधाणही न दुखणारं. स्त्रीच्या योनीत किंवा पुरुषाच्या गुदद्वारात असेल तर ती दिसतच नाही. तीन ते सहा आठवड्यांत काहीही न करता भरून येते. कोणी हळद लावलेली असते, कोणी मलम, कोणी नवस बोललेला असतो, आणि श्रेय त्या त्या उपायाला मिळतं. मग काही आठवड्यांनी अंगावर न खाजणारे चट्टे उमटतात, तळहात-तळपायांवरही, आणि माणूस ते ॲलर्जी समजून सेट्रिझिन घेतो. तेही जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं शांतता, आणि काहींच्या बाबतीत फार पुढे हृदय आणि मेंदूला इजा. सुरुवातीला पकडला तर सबंध रोगाला २४ लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिनचं एकाच वेळचं इंजेक्शन पुरतं. दुखतं, दोन दिवस बसता येत नाही. पण सुमारे ऐंशी वर्षं वापरात असूनही पेनिसिलिन या जंतूवर बोथट झालेलं नाही, हे आजच्या काळात नवलच म्हणायचं.

या सगळ्यात एक विसंगती आहे आणि या प्रकरणात मला तीच सांगायची होती. ज्याने टॉर्च लावून शंभर दाणे मोजले त्याला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. ज्याला झालेलं असतं त्याला बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. क्लॅमिडिया, गनोरिया, ट्रायकोमोनास आणि सिफिलिस या बऱ्या होणाऱ्या चार संसर्गांची जगात रोज १० लाखांहून जास्त नवी लागण होते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुसंख्यांना कसलंही लक्षण नसतं. एचआयव्ही तर फोडाने कळतच नाही. म्हणून "हा दाणा कशाचा?" हा प्रश्न एका तपासणीत निकालात निघतो, आणि "मला संसर्ग झालाय का?" या प्रश्नाचं उत्तर दाण्यात नसतंच. ते रक्ताच्या आणि लघवीच्या चाचणीत असतं, तेही योग्य तारखेला केलेल्या.

तारखेवरून पुष्कळ गोंधळ होतो. घाबरलेला माणूस तिसऱ्याच दिवशी 'फुल बॉडी एसटीडी पॅकेज' करून येतो. तिसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, त्याआधीच्या आयुष्याबद्दल सांगतो. एचआयव्हीसाठी प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनी भरवशाची होते, बोटातल्या थेंबाच्या झटपट चाचणीला तीन महिने धरावेत. सिफिलिसची व्हीडीआरएल जखम आल्यानंतरही पहिले काही दिवस निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून शेवटची तीन महिन्यांनी. तिसऱ्या दिवशी करण्यासारखं एकच काम असतं आणि ते नेमकं होत नाही: संबंध खरोखर धोक्याचा असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जाऊन एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या सुरू करणं. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात, आणि जितक्या लवकर तितक्या उपयोगी.

पॅकेजमध्ये एक सापळाही असतो, हर्पीसच्या अँटिबॉडीचा. अंगावर काहीही नसताना केलेली ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिचा अर्थ लावणं अवघड. हर्पीसचा पहिला प्रकार लहानपणी कोणा काका-मामाने गालाचा पापा घेतला तेव्हाच अनेकांच्या अंगात शिरलेला असतो. शिवाय खोटे पॉझिटिव्ह येतात, आणि 'आयजीएम' नावाची तिची बहीण नव्या-जुन्या संसर्गातला फरक सांगते हा समज चुकीचा आहे. लक्षण नसेल तर ही चाचणी करू नये. कागदावरच्या त्या एका शब्दापायी मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. हर्पीसची खात्री फोड ताजा असताना त्यातलं पाणी तपासून होते, त्यामुळे फोड असेल त्याच दिवशी यावं.

व्हिनेगरचं तसंच. दाण्यावर व्हिनेगर लावलं आणि पांढरं पडलं तर चामखीळ, ही युक्ती तरुणांमध्ये फिरते. व्हिनेगरमधलं आम्ल सोललेल्या, खाजवलेल्या, सुजलेल्या कुठल्याही कातडीला पांढरं करतं. पांढरं पडल्यावर घाबरून पुन्हा लावलं की आग होते, आणि आग झाली की संशय पक्का.

घरगुती उपायांचे जे नमुने पाहायला मिळतात त्यात बिब्बा सर्वांत वाईट. चामखिळीला बिब्ब्याचं तेल लावायची रीत खेडोपाडी आहे. हातापायावर ते एखाद वेळ निभावतं. जांघेत लावलं की दुसऱ्या दिवशी सगळा भाग सुजून काळा-निळा, फोडांनी भरलेला, आणि मूळ दाणा कुठे होता हे त्यालाही दाखवता येत नाही. चुना-सोडा, पायाच्या भोवरीची पट्टी, घोड्याचा केस बांधणं, हे सगळं त्याच जातीचं. खऱ्या चामखिळीवर इमिक्विमॉड किंवा पोडोफायलोटॉक्सिनचा लेप, द्रव नायट्रोजनने गोठवणं, विजेने काढणं, असे उपाय आहेत. कुठलाही केला तरी पहिल्या काही महिन्यांत पुन्हा येण्याची शक्यता असते. ही डॉक्टरची हलगर्जी नाही; आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही विषाणू दबा धरून असतो.

जायचं कुठे? त्वचारोगतज्ज्ञाच्या पाटीवर बहुधा 'त्वचा व गुप्तरोग' असतंच, कारण भारतात ही दोन्ही शास्त्रं एकाच पदवीत शिकवली जातात. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात. तिथे औषधांची रंगीत पाकिटं असतात: स्राव असेल तर करडं, जननेंद्रियावर जखम असेल तर पांढरं, हर्पीसला लाल, जांघेत बद असेल तर काळं. तपासणीची सोय तोकडी असली तरी लक्षणांवरून लगेच उपचार मिळावा आणि रुग्ण हातचा जाऊ नये, असा त्यामागे विचार आहे. चामखिळीला पाकीट नाही, तिच्यासाठी डॉक्टरच्या हाताखाली जावं लागतं. एचआयव्हीची चाचणी आणि समुपदेशन आयसीटीसी केंद्रात फुकट, आणि १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला आणि निकाल फोडायला मनाई केली आहे. पुरुषाचा संबंध पुरुषाशी आला असेल तर तेही सांगावं. कायद्याची भीती २०१८ पासून नाही, आणि न सांगितलं तर तोंड आणि गुदद्वार तपासायचं राहून जातं.

लोकलच्या डब्यात आणि एसटी स्टँडच्या मुतारीत जी पत्रकं चिकटवलेली असतात, तिकडे मात्र जाऊ नये. गुप्तरोग बरा करण्याची जाहिरात करणं हाच १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे जो भिंतीवर जाहिरात करतो त्याची कायद्याशी असलेली ओळख तिथेच कळते. विरोधाभास असा की या विषयावर शास्त्रीय बोलणाऱ्यालाही आपण एकदा कोर्टात खेचलं होतं. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत. १९३४ साली त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, आणि तरी कर्व्यांना दंड झाला. त्यांना आलेल्या पत्रांतल्या शंका आणि आज माझ्यासमोर येणाऱ्या शंका यांत फारसा फरक असेल असं वाटत नाही.

काहींची शंका रिपोर्टाने जात नाही. तीन महिन्यांच्या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह, दाणे तैलग्रंथींचे, तरी तो दर महिन्याला नवी प्रयोगशाळा गाठतो, बायकोला जवळ येऊ देत नाही, मुलाचा टॉवेल वेगळा ठेवतो. अशा माणसाला आणखी एक व्हीडीआरएल लिहून देणं म्हणजे त्याच्या शंकेला आपणच दुजोरा देणं. एक-दोनदा मीही समजावतो, नंतर मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढतो. तो रागावतो. "म्हणजे मी वेडा?" मी म्हणतो, रोग खरा आहे, फक्त जिथे तुम्ही शोधताय तिथे नाही. झोप, भूक आणि ती एकच गोष्ट दिवसातून वीसदा तपासण्याची सवय, या तिन्हींवर औषधं आणि बोलण्याचे उपचार आहेत, आणि ते लागू पडतात.

आणि ज्याला खरंच चामखीळ निघते तो कपडे सावरतानाच विचारतो, "बायकोला काय सांगू?" दोघांपैकी कोणाकडून, कधी आला हे विषाणूवर लिहिलेलं नसतं. लग्नाआधी शिरलेला विषाणू काही वर्षांनी चामखीळ दाखवू शकतो, त्यामुळे आज उमटलेली चामखीळ आजच्या व्यभिचाराचा पुरावा होत नाही. सिफिलिस निघाला तर मात्र सांगण्यावाचून गत्यंतर नाही, कारण जोडीदाराला तपासून उपचार न केले तर आपला रोग आपल्याकडेच परत येतो, आणि ती गरोदर असेल तर पोटातल्या बाळाला जातो. चामखिळीच्या बाबतीत मी नवऱ्याला दोन गोष्टी सांगतो. एक, लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' २०२३ च्या जानेवारीत आली. तिच्यात ६, ११, १६ आणि १८ हे चारही प्रकार आहेत. ती ९ ते २६ वर्षांच्या मुलींना आणि मुलग्यांनाही देता येते, चौदाव्या वर्षापर्यंत दोन डोस, पुढे तीन. अंगात असलेला विषाणू ती घालवत नाही, पण चारही प्रकार एकदम झालेले असण्याची शक्यता कमी, म्हणून वयात बसत असेल तर घ्यावी. दुसरी, बायकोची गर्भाशयमुखाची तपासणी. तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. प्रशिक्षित परिचारिका गर्भाशयमुखावर ॲसिटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लाचा, बोळा लावते आणि मिनिटभर थांबून कुठे पांढरं पडतंय का ते बघते. तिथे पांढऱ्या डागाला अर्थ असतो, कारण बघणारीला काय शोधायचं हे शिकवलेलं असतं.